खाटकाने दमवलं

पक्ष्यांची मराठी नावं कुठून आली, हे शोधत फिरतो. डोंबारी आणि टिटवी ही नावं मागच्या वेळी हातोहात निकालात काढली, म्हणून जरा फुशारलो होतो. खाटीक नावाच्या पक्ष्याने ती फुशारकी उतरवली.

नाव का पडलं यात गूढ काही नाही. रविवारी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर बाभळीच्या काट्यात खोचलेला नाकतोडा बघितला. एक तंगडी गायब, पंख वाऱ्यावर फडफडतोय. या पक्ष्याच्या पायात शिकऱ्याचा जोर नाही, म्हणून भक्ष्य काट्याला अडकवायचं आणि आकडेदार चोचीने तोडायचं. हुकाला टांगलेलं मटणच की! शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं शास्त्रीय नाव 'लॅनिअस' म्हणजेही लॅटिनमध्ये खाटीकच.

घोडं इथेच अडलंय. आपलं नाव माळावर जन्मलं, की साहेबाच्या 'बुचर बर्ड'चा तर्जुमा? 'खट्टिक' हा कसायासाठी जुना संस्कृत शब्द; पण पाखराला कधी चिकटला? त्यात राखी खाटीक या जातीने आणखी पाचर मारली. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांत त्याची नोंद केली आणि नाव ठेवलं 'लाहटोरा'. हे तर हिंदी! इथे मराठी नाव नव्हतंच, की त्याने विचारलंच नाही?

मेंढरं घेऊन चाललेल्या एका मामांना गाठलं.

"मामा, ह्याला काय म्हणता?"

"पाखरू."

"खाटीक नाही म्हणत?"

"खाटीक गावात हाय की. बकरं इकायचंय व्हय?"

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण मागवलं होतं. आलं, पण 'खाज' ते 'खाडी' पानं कोरी! विक्रेता महिनाभर 'बदलून देतो' म्हणतोय, मी खाजवत बसलोय. मोबाइलवरच्या शोधात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की शब्दच गायब होतो. मला कागदच बरा.

नकल्या खाटीक या दुसऱ्या जातीचं कोडं मात्र सुटलं. त्याच्या शास्त्रीय नावातलं 'शाख' हा त्याचा कर्कश आवाजच. तारेवर बसून मला पाच मिनिटं तेच सुनावत होता, मग मध्येच भलत्याच पाखराची नक्कल. दोन्ही नावांचा पुरावा एकाच तारेवर!

येत्या रविवारी हिप्परग्याच्या तळ्यावर 'ढोक' या पक्ष्याचं नाव हाती धरायचा बेत होता. पण हे लिहितानाच सुचलं: साइक्सला नावं सांगणारे दखनी उर्दू बोलणारे असतील तर? मग ढोक थांबेल. सोलापुरातल्या विजापूर वेशीतल्या दखनी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना गाठतो, दोन्ही खाटकांचे फोटो घेऊन. आणि या वेळी नाव आधी मी उच्चारणार नाही.