अल्पाकाच्या लोकरीचा नातवंडासाठी स्वेटर: माझा अनुभव

अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतला, उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी. त्याची लोकर मऊ आणि उबदार असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती ताणली की परत जागेवर येत नाही, हे मात्र विणायला घेतल्यावरच कळतं. मेंढीच्या लोकरीच्या तंतूला बारीक वळ्या असतात, त्यामुळे ती ताणली तरी आखडून मूळ मापाला येते. अल्पाकाच्या तंतूला अशा वळ्या फारच कमी. मेंढीच्या लोकरीचं गणित धरून अल्पाकाचा स्वेटर विणला, तर पहिल्या धुण्यानंतर तो खाली लोंबतो, बाह्या बोटांवर येतात आणि कमरेची रिब, म्हणजे एक सुलट एक उलट टाक्यांची लवचीक पट्टी, सैल पडते. पुढचं सगळं मी या एका गोष्टीभोवती बसवलेलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. बाळ रत्नागिरी, मालवण किंवा वेंगुर्ल्यातच राहत असेल तर त्याच्यासाठी अल्पाका विणू नये. आपल्याकडे पौषातल्या पहाटेही बाळाला सुती झबलं आणि वरून दुपटं पुरतं. अल्पाकात ते घामाघूम होईल आणि घामोळं येईल. इथल्या बाळासाठी सुती धाग्याचं जाळीदार जाकीट विणावं. नातवंड पुण्यात, नाशकात, बंगळुरात किंवा परदेशातल्या थंडीत असेल तरच ही लोकर घ्यावी.

आंब्याच्या कलमांखाली अल्पाका पाळता येईल का, असंही काही जण उत्साहाने विचारतात. माझं उत्तर ठाम नकाराचं आहे. हा अँडीज पर्वतातला प्राणी. पेरूत तो साधारण 3500 मीटरच्या वर, कोरड्या आणि थंड हवेत चरतो. तो पाळणारे एक सोपा आडाखा वापरतात: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या दमटपणाची टक्केवारी यांची बेरीज करायची. ती 120च्या खाली असेल तर जनावर सुखात असतं, 180च्या वर गेली तर जिवाला धोका. मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावर 33 अंश सेल्सिअस म्हणजे 91 फॅरनहाइट आणि 70 टक्के दमटपणा धरला तर बेरीज 161 होते. जुलैत ऊन नसतं, पण दमटपणा नव्वदीला जातो आणि बेरीज आणखी चढते. अंगावर दाट लोकर असलेल्या जनावराला वर्षातले कितीतरी महिने असे काढायला लावणं क्रूरपणाचं आहे. त्यात पावसाळ्यात खुरं सतत चिखलात आणि गवतातून पोटात जाणारे जंत. प्राणी त्याच्या डोंगरातच राहू दे, आपण लोकर आणावी.

अल्पाका वर्षातून एकदा कातरतात. पाठ आणि दोन्ही कुशींवरची लोकर सर्वांत चांगली, मान आणि पायांवरची जाड, ती वेगळी काढतात. मग जाडीप्रमाणे प्रतवारी होते. ‘बेबी अल्पाका’ ही अशीच एक प्रत आहे, तंतूची जाडी साधारण 22 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ती पिल्लांचीच लोकर असते असं नाही, मोठ्या जनावराच्या पाठीवरही ती मिळते. बाळासाठी हीच प्रत घ्यावी. 26 मायक्रॉनच्या पुढची लोकर मानेला बोचते. गुंडा मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा हनुवटीखाली दोन मिनिटं धरून ठेवा. तिथे टोचलं तर बाळाला नक्की टोचेल.

शुद्ध अल्पाकापेक्षा निम्मी अल्पाका आणि निम्मी मेरिनो मेंढीची लोकर असं मिश्रण मला जास्त पटतं, कारण मेरिनो आखडून धरते आणि रिब जागेवर राहते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी अल्पाका टाळाच. तिचे मोकळे तंतू सुटतात आणि मुठी चोखणाऱ्या बाळाच्या तोंडात जातात. म्हणून खालचं माप एक वर्षाच्या बाळाचं दिलं आहे.

एक वर्षाच्या बाळाची छाती 46 ते 48 सेंटिमीटर असते. स्वेटर 54 सेंटिमीटरचा ठेवायचा. डबल निटिंग जाडीची, 50 ग्रॅमला साधारण 110 मीटर भरणारी लोकर घेतली तर चार गुंडे लागतात. त्यातला थोडा भाग उरतो आणि तो उरायलाच हवा. चारही गुंडे एकाच रंग-लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या. लोकर लडीत आली असेल तर गुंडा सैल गुंडाळा. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेल्या अवस्थेत विणली जाते आणि माप फसवतं.

सुया 9 नंबरच्या म्हणजे 3.75 मिलिमीटर, आणि रिबसाठी 11 नंबरच्या म्हणजे 3 मिलिमीटर. परदेशी नमुन्यावरून विणत असाल तर नंबर पाहू नका, मिलिमीटर पाहा. अमेरिकेचा 9 नंबर 5.5 मिलिमीटरचा असतो. सुई कशाची आहे याचाही इथे विचार करावा लागतो. खाऱ्या हवेत साध्या पोलादी सुईवर गंजाचे ठिपके येतात आणि पांढऱ्या लोकरीला लागले की निघत नाहीत. बांबूची सुई पावसाळ्यात ओलावा धरते, टाके सरकत नाहीत आणि नकळत वीण घट्ट होते. हिवाळ्यात मात्र बांबूच चांगला, कारण अल्पाका गुळगुळीत असते आणि धातूच्या सुईवरून टाके घसरतात. मी हे काम दिवाळीनंतर काढते. तेव्हा हाताला घाम कमी येतो, धुतलेलं लवकर वाळतं. जांभ्याच्या लाल धुळीपासून फिक्या रंगाची लोकर वाचवायला गुंडा सुती पिशवीत ठेवून विणावं.

आता मापाचा नमुना, म्हणजे आधी विणून पाहायचा तुकडा. तो टाळता येणार नाही. 32 टाके घालून 44 ओळी विणा, एक ओळ सुलट, एक उलट. तो तुकडा कोमट पाण्यात भिजवून, पंच्यात दाबून, आडवा वाळवा. वाळला की दोन चिमटे लावून दोरीवर रात्रभर टांगा आणि मग मधल्या भागात मोजा. मला धुण्याआधी 10 सेंटिमीटरला 34 ओळी मिळतात, टांगल्यावर 32. टाके 24. खालचे आकडे या दुसऱ्या मापावर आहेत. तुमचे टाके 22 भरले तर एक नंबर बारीक सुई घ्या. लोकर स्वतः लांबणार असल्यामुळे मी विणताना लांबी टेपने मोजत नाही, ओळी मोजते.

स्वेटर पुढून बटणांनी उघडणारा आहे. तो गळ्यापासून खाली, अंग एकसंध, ओळी जाऊन-येऊन विणायचा. 9 नंबरच्या गोल सुईवर 50 टाके घाला आणि रंगीत दोऱ्याच्या खुणा अशा लावा: पुढचा भाग 3, बाही 11, पाठ 22, बाही 11, पुढचा भाग 3. सुलट ओळीत प्रत्येक खुणेच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक टाका वाढवायचा, म्हणजे ओळीला 8 टाके. वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा दोरा उचलून तो मागच्या बाजूने विणा. पुढून विणलात तर तिथे भोक राहतं. उलट ओळ काही न वाढवता उलटच विणून काढा. पहिल्या चार सुलट ओळींत गळ्याच्या दोन्ही कडांनाही एकेक टाका वाढवा. चौथी झाली की 90 टाके होतात. आता दोन्ही टोकांना 4-4 नवे टाके घाला, 98. यामुळे पुढचा गळा पाठीपेक्षा खाली येतो. तो समान ठेवला तर स्वेटर हनुवटीला घासतो आणि मूल तो अंगावर ठेवत नाही.

यापुढे फक्त खुणांजवळ वाढवत आणखी 13 सुलट ओळी विणा. सुईवर 202 टाके हवेत: 28, 45, 56, 45, 28. इथे थांबून मोजाच. एखादा टाका कमी निघाला तर चूक बहुधा खुणेच्या अलीकडची वाढ विसरल्याची असते, आणि ती त्याच भागात सापडते.

बाह्यांचे 45-45 टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवा. काखेत प्रत्येकी 6 नवे टाके घालत अंग जोडा, 124 टाके होतील. 37 ओळी वाढ-घट न करता विणा, शेवटच्या ओळीत एक टाका कमी करून 123 करा. 11 नंबरच्या सुईवर एक सुलट एक उलट अशा 11 ओळी विणून टाके रिबच्याच क्रमाने बंद करा. बंद करताना हात फार घट्ट नको, पण सैलही नको. अल्पाकात सैल काठ झालरीसारखा फुलतो.

बाहीसाठी काखेतल्या सहापैकी 3 टाके उचला, दोऱ्यावरचे 45 विणा, उरलेले 3 उचला. एकूण 51. काखेच्या दोन्ही कोपऱ्यांत हमखास भोक पडतं. तिथे एकेक जादा टाका उचलून पुढच्या ओळीत शेजारच्याबरोबर एकत्र विणला की ते बुजतं. दर सहाव्या ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका कमी करा, असं 7 वेळा. 42 ओळींनंतर 37 टाके उरतात. त्यावर 11 नंबरच्या सुईने 12 ओळींची रिब. मग बाही शिवा. गोल विणून शिवण वाचवता येते, पण या लोकरीला बाहीच्या लांबीभर एक शिवण असलेली बरी. ती ओघळ धरून ठेवते.

गळ्याची पट्टी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. 11 नंबरच्या सुईने कडेभोवती 67 टाके उचलून 5 ओळी रिब विणा. उचललेल्या टाक्यांची ती रेघ आतून शिवणीचं काम करते आणि गळा ताणला जात नाही. पुढच्या कडेला दर 4 ओळींमागे 3 टाके उचलत प्रत्येक बाजूला 59 टाके येतात. पट्टी 7 ओळींची. काजांच्या पट्टीत चौथ्या ओळीत 3 टाके विणून पहिलं काज, त्यानंतर प्रत्येक दोन काजांमध्ये 11 टाके, एकूण पाच काजं, शेवटी 2 टाके. काज म्हणजे दोरा पुढे घ्यायचा आणि पुढचे दोन टाके एकत्र विणायचे. बटणं लोकरीने लावू नका, ती झिजते. शिवणाच्या मजबूत दोऱ्याने लावा, आतून सुती कापडाचा छोटा तुकडा ठेवून. बटण ओढून पाहा आणि थोडं जरी हललं तर पुन्हा लावा, कारण ते मुलाच्या तोंडात जातं. बटणांऐवजी गळ्याला नाडी कधीच नको.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि चमचाभर बाळाचा शाम्पू. रिठाही चालतो, पण पांढऱ्या लोकरीवर त्याची पिवळट झाक चढते. पंधरा मिनिटं भिजवून तेवढ्याच कोमट पाण्यात खळबळा. चोळलं किंवा एकदम गरम-थंड केलं तर तंतू गुंततात आणि वीण घोंगडीसारखी जमते. ओला स्वेटर एका टोकाला धरून उचलू नका, दोन्ही हातांवर घ्या. पंच्यात गुंडाळून दाबा आणि सुंभाच्या खाटेवर कोरडा पंचा पसरून सावलीत आडवा वाळवा. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल तर फिक्या लोकरीवर तांबूस छटा येते, तिथे साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं. मालिशच्या खोबरेल तेलाचा डाग पडला तर त्यावर शाम्पू थेट बोटाने लावून थोडा वेळ ठेवा, मग धुवा.

ठेवण्यात कोकणात दोन शत्रू आहेत, बुरशी आणि कसर. अर्धवट वाळलेला स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला की आषाढात काळे ठिपके येतात. पूर्ण वाळल्यावरच, सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कसरीची अळी घामाच्या आणि तेलाच्या डागांवर आधी जाते, म्हणून न धुता ठेवू नये. कडुलिंबाचा पाला आणि लवंगा कसरीच्या पतंगाला थोडं दूर ठेवतात, पण लागलेली अळी मारत नाहीत. त्यासाठी स्वेटर पिशवीत बंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावा. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, आणि डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनचा अंश राहिलेल्या कपड्यांनी त्यांच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते.

स्वेटर पाठवताना सोबत उरलेली लोकर, एक जादा बटण आणि सुयांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. वर्षभराने मुलाचे हात लांबतात. वरून खाली विणल्यामुळे बाहीच्या शिवणीचा शेवटचा भाग सोडून, बंद केलेली कड उसवून, रिब काढून टाकता येते. 37 टाके पुन्हा सुईवर घ्या, 9 नंबरने 10 ओळी वाढवा आणि रिब नव्याने विणा. एका बाहीत 3 सेंटिमीटर मिळतात. जुनी लोकर धुवून आखडलेली नसते, तरी नव्या-जुन्याच्या जोडावर रंग किंचित वेगळा दिसतो. तो लपवायचा असेल तर जोडाच्या जागी दुसऱ्या रंगाच्या दोन ओळी घाला.