थ्रॉटल अपडेट: हेड निर्दोष, खोट रिटर्नच्या वायरीत

होडीचं इंजिन लोडवर असताना अचानक आयडलवर येत होतं. मागच्या अपडेटमध्ये दोष थ्रॉटल हेडचा (वेगाच्या लिव्हरचं इलेक्ट्रॉनिक युनिट) ठरवून ते बदललं होतं. नवं हेड बसवल्यावर मे महिन्यात इंजिन अकरा तास धड चाललं. बाराव्या तासाला पुन्हा तेच: लोडवर 1800 आरपीएमला असताना एकदम आयडल, 650, आणि पॅनेलवर फॉल्ट कोड: एसपीएन 91 (थ्रॉटलच्या स्थितीचा सिग्नल), एफएमआय 2 (दोषाचा प्रकार). चावी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं सुरळीत. म्हणजे मागच्या अपडेटमधला निष्कर्ष चुकला होता आणि जुनं हेड चांगलंच होतं. आता पावसाळ्यात होडी वर ओढलेली असताना मूळ सापडलंय.

एफएमआय 3 किंवा 4 आला असता तर सिग्नल ठरल्या मर्यादेच्या वर किंवा खाली गेला एवढं तरी कळलं असतं. 2 चा अर्थ इथे एवढाच की दोन सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत. या हेडमध्ये 5 किलोओहमची दोन पॉट्स (लिव्हर फिरवला की व्होल्टेज बदलणारे सेन्सर) आहेत. पहिलं आयडलला 0.50 व्होल्ट देतं आणि फुलला 4.50. दुसरं बरोबर त्याच्या निम्मं, 0.25 ते 2.25. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर, दुसऱ्याची दुप्पट करून पहिल्याशी ताडून बघतो.

घोळ मोजण्यात होता. मागच्या वेळी मीटरची काळी प्रोब हेडच्या कनेक्टरमधल्या रिटर्न पिनवर (ईसीयूच्या शून्य व्होल्टकडे परत जाणारी वायर) होती, आणि तिथे गुणोत्तर नेहमीच 2:1 दिसतं, रिटर्नची वायर कितीही कुजलेली असो. या वेळी काळी प्रोब ईसीयूच्या टोकाच्या रिटर्नवर ठेवली, चावी चालू, इंजिन बंद, लिव्हर आयडलला, आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) वीत वीत करून हलवत गेलो. बल्कहेडच्या (होडीतली आडवी भिंत) ग्रोमेटजवळ (वायरींच्या भोकातला रबर) वायरी वाकवल्या तेव्हा 0.50 चे 0.83 झाले आणि 0.25 चे 0.60. 0.60 ची दुप्पट 1.20, पहिला सिग्नल 0.83. फरक 0.37 व्होल्ट. तशाच वाकवलेल्या स्थितीत हेडच्या 5 व्होल्ट आणि रिटर्न पिनांमध्ये सप्लाय 4.63 दिसत होता, तिथेही तूट 0.37 चीच.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: 5 व्होल्टच्या वायरीत रोध वाढला तर दोन्ही सिग्नल एकाच प्रमाणात खाली येतात, गुणोत्तर टिकतं, इंजिन फक्त थोडं मंद प्रतिसाद देतं. रिटर्नमध्ये रोध वाढला तर दोन्हीत सारखेच व्होल्ट मिसळतात आणि गुणोत्तर मोडतं. दोन पॉट्स समांतर म्हणजे 2.5 किलोओहम, त्यामुळे रिटर्नमध्ये जेमतेम 200 ओहम आले तरी 0.37 चा फरक पडतो. मीटरचा कंटिन्यूइटीचा बीप (वायर सलग आहे का ते सांगणारा) या कामात निरुपयोगी आहे. वायर स्थिर असताना तो वाजायचाच.

ग्रोमेटमागची पीव्हीसी टेप सोडली तर आत उघडा बट-क्रिंप जोड (दोन टोकं नळीत दाबून केलेला), साध्या तांब्याच्या वायरीवर. तारा हिरव्या, आणि हिरवेपणा इन्सुलेशनच्या आत दोन बोटं पुढे चढलेला. शेजारी कुणीतरी पूर्वी प्रोबची सुई टोचल्याची खूणही होती. सुई टोचून मोजू नका, खारी हवा त्याच भोकातून आत शिरते. शिवाय हार्नेसची एक क्लिप इंजिनवर, दुसरी बल्कहेडवर, मधे ढील नाही. लोड आला की इंजिन रबर माउंटवर वळतं आणि ओढ नेमकी त्या जोडावर बसते.

बंदरावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे रिटर्न थेट इंजिनच्या बॉडीला जोडायचा. अजिबात करू नका. बॉडीतून स्टार्टर आणि अल्टरनेटरचा करंट वाहतो, तिथला शून्य आणि ईसीयूचा शून्य एक नसतात. तोच फॉल्ट दुसऱ्या वाटेने परत येईल.

आधी फक्त जोड कापून नवा करायचा विचार होता. पण हिरवेपणा किती पुढे गेलाय ते कापल्याशिवाय कळत नाही, म्हणून सहाही वायरी हेडपासून ईसीयूपर्यंत बदलल्या: टिन्ड कॉपर (कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं), 1 चौरस मिमी, एकूण 7 मीटर, मधे एकही जोड नाही. डॉइश डीटी या वॉटरप्रूफ कनेक्टरच्या सॉलिड पिना चार बाजूंनी दाबणाऱ्या क्रिंपरनेच दाबल्या. तो महाग आहे, पण पक्कडीने दाबलेली पिन ओढून बघा, सुटते. डाग (सोल्डर) देऊही नका, डाग संपतो तिथे वायर ताठ होते आणि कंपनाने तुटते. रिकाम्या खाचांत सीलिंग प्लग, ग्रोमेटपाशी हाताच्या पंजाएवढा ढिला वळसा, क्लिपा फूटभर अंतरावर. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त पॅकमधली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) परत केली, आत गोंदच नव्हता. गोंदवालीच घ्या, तापवल्यावर टोकांतून गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे.

नव्या हार्नेसवर हेडजवळ 4.99 व्होल्ट. वाकवून, हीटगनने कोमट करूनही आकडा हलत नाही. चावी चालू ठेवून लिव्हर आयडल-फुल-आयडल दोनदा फिरवून कॅलिब्रेशन झालं.

उरली लोडवरची चाचणी, ती नारळी पौर्णिमेनंतर. त्यासाठी ईसीयूपासून फक्त मोजण्यासाठी सातवी सेन्स वायर ओढायचं मनात होतं, पण लिहिता लिहिता जाणवलं की गरज नाही. सहा पिनांची नर-मादी ब्रेकआउट लीड (कनेक्टरच्या मधे बसणारी, जिच्यावर मोजता येतं अशी जोडवायर) हेडपाशी लावून 5 व्होल्ट आणि रिटर्न यांच्यावर मीटर मिन-मॅक्सवर (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा धरून ठेवणारा मोड) ठेवला की पुरे. सप्लाय आणि रिटर्न, दोन्हींतली तूट त्यात पकडली जाते. खाडीबाहेर 1800 वर अर्धा तास, मग 2200 वर अर्धा तास. मिनिमम 4.90 च्या खाली गेला तर पुढचा संशय ईसीयूच्या कनेक्टरमधल्या मादी पिनांवर.