शेवटची दोन बोटं

रविवार, रात्रीचे साडेदहा

हात अजून थरथरतोय, पेन धड धरवत नाही. पण आजचं आजच लिहून ठेवायचंय.

जिल्ह्याच्या बेंच प्रेस स्पर्धेत, म्हणजे बाकावर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलायच्या स्पर्धेत, माझे तिन्ही प्रयत्न बाद झाले. वय 46, म्हणजे मास्टर्सचा (चाळिशीपुढच्यांचा) पहिला गट. वजनगट 74 किलो. रॉडवर 85 किलो. हेच 85 मी गेलं वर्षभर जिममध्ये एका सेटला पाच-पाच वेळा मारतोय.

पहिल्या प्रयत्नाला रॉड रॅकवरून घेतला, छातीच्या वर आणला आणि पंचांच्या ‘स्टार्ट’ची वाट बघत राहिलो. ‘स्टार्ट’ येईचना. श्वास कोंडलेला, मनगटं भरून आलेली, आणि डोक्यामागून आवाज आला, “हात सरळ करा.” मला वाटत होतं हात सरळच आहेत. थोडे आणखी ताणले तेव्हा कुठे ‘स्टार्ट’ मिळाला. खाली आणला, छातीवर थांबवला, ‘प्रेस’ ऐकलं आणि ढकलला. वर गेला, तसा नीट गेला. पण ‘रॅक’ म्हणायला पुन्हा उशीर. शेवटी म्हणाले, मी रॉड ठेवला, उठून बसलो, तर तिन्ही पंचांचे दिवे लाल.

दुसऱ्या वेळी दोन लाल, एक पांढरा. दोन लाल म्हणजे बादच. तिसऱ्या वेळी छातीपासून वीतभर वर जाऊन रॉड थांबला तो थांबलाच. दोन्ही बाजूंच्या पोरांनी धरला.

नंतर बाजूच्या एका पंचांनी स्वतःहून जवळ बोलावलं. माझा उजवा हात धरून सरळ करायला लावला आणि कोपराच्या आतल्या बाजूला आपली दोन बोटं ठेवली. म्हणाले, “ताकद आहे तुमच्यात. फक्त इथं एवढं राहतंय. सुरुवातीलाही लॉक पाहिजे, म्हणजे कोपर पूर्ण सरळ, आणि शेवटीही. एखाद्याचं कोपर मुळातच सरळ होत नसेल तर त्यानं आधी येऊन सांगायचं असतं. तुमचं तर होतंय की.”

होतंय. आठ वर्षं मीच ते होऊ दिलं नाही.

मंगळवार

आठ वर्षांपूर्वी जिमला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिथल्या ट्रेनरनं सांगितलं होतं, “सर, कोपर कधी लॉक करायचं नाही, सांधा जाईल.” ते मी वेदवाक्य मानलं. मीच नव्हे, तिथं येणाऱ्या सगळ्यांनी मानलं. नवीन पोरगं हात पूर्ण सरळ करताना दिसलं की मी स्वतः जाऊन त्याला टोकलंय. आज ते आठवून फार वाईट वाटतं. माहीत नसलेली गोष्ट मी ठामपणे सांगत होतो.

आज संध्याकाळी तालमीत गेलो. आमचे वस्ताद आता जोर काढत नाहीत, पण पोरांचे बघतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “जोर काढताना वर आल्यावर हात वाकडा ठिवतोस व्हय रं?” मी गप्प. लहानपणापासून हजारो जोर काढले असतील, दर वेळी वर आलं की हात सरळ. तेव्हा सांधा गेला नाही.

मग मला कोपर चाचपायला लावलं. हात वाकवला की मागे टोकदार हाड बाहेर येतं, सरळ केला की तेच हाड दंडाच्या हाडातल्या खळगीत जाऊन बसतं. हे मी आज पहिल्यांदा बोटांनी नीट अनुभवलं. खळगीत बसल्यावर हात आपोआप थांबतो. वजन मग हाडांच्या रांगेवर येतं: मनगट, कोपर, खांदा, एकाखाली एक. स्नायूंना क्षणभर उसंत मिळते. तिथंच श्वास घ्यायचा असतो, तिथंच पुढच्या रेपची, म्हणजे पुढच्या वेळी रॉड खाली-वर करायची, तयारी करायची असते. मी ती उसंतच कधी घेतली नव्हती.

वस्तादांनी बजावलं ते मात्र वेगळं होतं. “झटका द्यायचा न्हाई. दार लावताना आपटतोस का? लावतोस.” सांध्याला धोका आहे तो या आपटण्यात, हे मला पटलं. रॉड वर फेकून कोपरावर थांबवला तर सगळा मार सांध्यावर येतो. पण ट्रायसेप्सच्या, म्हणजे दंडामागच्या स्नायूच्या, जोरावर शेवटपर्यंत ढकलत नेला, तर हात सरळ होतो तो स्नायूंच्या ताब्यात राहून.

शरीरसौष्ठववाले कोपर थोडं वाकडं ठेवतात, त्यामागेही कारण आहे. वरच्या टप्प्यात छातीचं काम कमी होतं, म्हणून वर न थांबता त्यांना स्नायूंवरचा ताण सतत टिकवायचा असतो. ते जाणूनबुजून करतात, आणि त्यात खोटं काही नाही. माझं तसं नव्हतं. मी भीतीनं करत होतो.

बुधवार, पहाटे

झोप लागली नाही, म्हणून जुन्या वह्या काढल्या. 2019 पासूनचा प्रत्येक सेट लिहिलेला आहे. आकडे वाढत गेलेत: 60, 65, 72.5, 80, 85. मोबाइलमध्ये जुने व्हिडिओही आहेत. वही आणि व्हिडिओ शेजारी ठेवून बघितलं आणि पोटात खड्डा पडला. 60 च्या वेळी हात जवळजवळ सरळ होतोय. 72.5 ला थोडा कमी. 85 च्या पाचव्या रेपला तर वरची चार बोटं बाकी आहेत. वजन वाढत गेलं तसा रेप आखडत गेला, आणि मला पत्ताही लागला नाही.

लॉकचं खरं मोल मला इथं कळलं. हात सरळ झाला की रेप संपला, त्यात वाद नाही. पण ‘थोडं अलीकडे’ थांबायचं ठरवलं तर अलीकडे म्हणजे कुठे? ती जागा दमल्यावर दर वेळी खाली सरकते.

2004 च्या अथेन्स पॅरालिंपिकमध्ये भारताच्या राजिंदर सिंग रहेलूंनी 56 किलो गटात कांस्यपदक मिळवलं, ते बेंच प्रेसमध्येच. पोलिओनं पाय गेलेले. आम्ही जमिनीवर पाय रोवून जो आधार घेतो, तोही त्यांना नव्हता. आणि शेवटी त्यांनाही हात पूर्ण सरळच करावा लागला. मला दोन बोटं जड झाली.

शुक्रवार

आज जिममध्ये रॉडवर 70 लावले. फक्त 70. बाजूला माझी मुलगी उभी होती, ती दोन महिन्यांपासून येतेय. म्हणाली, “बाबा, मी बघते कोपराकडे.” पाच रेप. प्रत्येक वेळी वर गेल्यावर तिनं “झालं” म्हटल्याशिवाय खाली आणला नाही. तिसऱ्या रेपपासून दंडाची मागची बाजू अशी पेटली की आठ वर्षांत कधी पेटली नव्हती. ठेवतानाही फरक जाणवला. सरळ हातांनी रॉड मागे नेला आणि तो रॅकच्या आकड्यात अलगद बसला. वाकड्या हातांनी इतकी वर्षं मी तो चेहऱ्यावरून रॅकपर्यंत खेचत होतो. आता विचार केला तरी काटा येतो.

मग तिची पाळी. नुसता 20 किलोचा रॉड. तिनं हात सरळ केला आणि मी दचकलो. तिचं कोपर सरळ होऊन थांबत नाही, पलीकडे उलटं वळतं. लहानपणापासून तसंच आहे. पण वजनाखाली मी ते कधी बघितलंच नव्हतं, कारण तिलाही मीच ‘लॉक नको’ शिकवलं होतं. तिचा ‘सरळ’ माझ्यासारखा शोधायचा नाही. तिला उलटं वळण्याआधी, बरोबर रेषेत, स्नायूंनी थांबायला शिकायचंय. मी तिच्या कोपराखाली हाताचा पंजा धरला आणि सांगितलं, “माझ्या हाताला टेकलीस की थांब.” चौथ्या रेपला ती टेकण्याआधीच थांबली.

वहीत आज नवीन पान घेतलं. जुन्या आकड्यांवर रेघ मारली नाही, फक्त समोर पेन्सिलीनं ‘अर्धा’ असं लिहिलं. आजच्या तारखेपुढे लिहिलंय: 70 किलो, 5, पूर्ण. त्याखाली तिनं आपल्या अक्षरात तिचं लिहिलं: 20 किलो, 6. सहावा तिनं स्वतःच खोडून 5 केला. म्हणाली, “शेवटचा थोडा राहिला होता, बाबा.”