पाचवा आला, पण कसा आला ते बघा

काल आमच्या तबेल्यातला दोन वर्षांचा घोडा पहिल्यांदा पळाला, बाराशे मीटर, आला पाचवा, आणि रेस संपते न संपते तोच मालकांचा फोन, "विकून टाकायचा का?" मी असिस्टंट ट्रेनर, निर्णय माझा नसतो पण फोन मलाच येतात. म्हटलं साहेब, रेस परत एकदा बघा.

गेट उघडलं तेव्हा हा कान टवकारून शेजारच्याकडे बघत उभा! मग घोळक्यामागे अडकला, पुढच्यांच्या टापांची माती थेट तोंडावर, सकाळच्या ट्रॅकवर्कला कितीही सवय लावा, ते खरं कळतं रेसमध्येच, मान वर करून लगामाशी झगडत बसला आणि निम्मी ताकद तिथेच गेली. शेवटच्या दोनशे मीटरला जॉकीने बाहेर काढला, समोर मोकळं दिसलं आणि चाबूक न लागता चार घोडे मागे टाकले. रेस संपल्यावरही थांबायला तयार नव्हता. जॉकी उतरून म्हणाला, "याला चौदाशेला पळवा, बाराशे कमी पडतंय."

हे ऐकून मालकांचा सूर एकदम उलटा, पंधरा दिवसांनी मोठी रेस आहे त्यात टाकू. (सेक्रेटेरिएट हा अमेरिकेतला गाजलेला घोडा १९७२ मध्ये पहिल्या रेसला चौथा आला होता, सुटतानाच धक्का बसला होता त्याला, पुढच्या वर्षी बेलमाँट ही तिथली मोठी रेस ३१ लेंग्थने, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीएवढ्या फरकाने मारली. हे मी मालकांना कधीच सांगत नाही, नाहीतर प्रत्येक चौथ्या-पाचव्यात त्यांना सेक्रेटेरिएट दिसायला लागतो.)

आज सकाळी बघितलं तर चंदी साफ संपवलेली, दुडकी चाल सरळ, लंगडणं नाही. पण पुढच्या डाव्या पायाच्या नळीवरून अंगठा दाबत नेला तर मध्यावर आल्याबरोबर पाय झटकन उचलला, जागा जराशी गरमही लागली. या वयात नळीचं हाड अजून घडत असतं, वेगाचा मार बसला की पुढच्या बाजूने दुखायला लागतं, आणि तसंच पळवत राहिलं तर बारीक फ्रॅक्चरही होऊ शकतं. त्यात हा मे महिन्यातला, आणि उत्तर गोलार्धात वय मोजतात १ जानेवारीपासून, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेल्यांच्या बरोबरीने पळतोय.

ट्रेनरनी लगेच मोठ्या रेसचा विषय बंद केला. एक्स-रे काढायचाय, तोवर नुसतं चालवणं, गॅलप नाही, आणि पाय बरा झाला की चौदाशेची साधी मेडन, म्हणजे अजून एकही रेस न जिंकलेल्या घोड्यांची रेस. मालक नाराज आहेत, पण विकायचं काही परत बोलले नाहीत.