‘पण’च्या आधी कापलेलं

रविवार, रात्री साडेअकरा

सकाळी साडेसातलाच दत्तूचा फोन. “अण्णा, तुम्हीपण उसाच्या मुळावर उठलात व्हय?”

गुरुवारी इथल्या वाचनालयात पाण्यावर पाऊण तास बोललो. म्हणालो होतो: धरणाचं पाणी ऊस पितो हे खरं, पण ऊस सोड असं शेतकऱ्याला सांगायला माझी जीभ धजत नाही. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला किमान दर, ठरलेली असते, १४ दिवसांत पैसे द्यायचं बंधन कारखान्यावर असतं (पाळलं किती जातं ते दत्तूलाच विचारा). कांद्याला असा दर कुठे आहे?

कुणीतरी मोबाइलवर ‘हे खरं’पर्यंतच उचललं. पस्तीस सेकंद. सभागृहात साठ माणसं होती, तुकडा चाळीस हजारांनी पाहिला. खाली शिव्या, काही माझ्या बाजूच्याही. त्या जास्त लागल्या.

कुठली पोस्ट जास्त लोकांपुढं आणायची या फेसबुकच्या गणितात २०१७ पासून काही काळ रागाच्या चेहऱ्याला एका लाइकच्या पाचपट वजन होतं. २०२१ मध्ये त्यांचीच कागदपत्रं बाहेर आली तेव्हा हे कळलं. ‘पण’वर कोण रागावणार? मग ते पुढं कोण ढकलणार?

रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा ऐकणारा समोरच बसलेला असे. पटलं नाही तर कपाळाला आठ्या पडत, वक्त्याला त्या दिसत, पुढचं वाक्य तो सावरून घेई. दत्तूच्या आठ्या मला तीन दिवसांनी दिसल्या.

दुपारी पुढच्या व्याख्यानाचे मुद्दे काढायला बसलो, तर मी वाक्यं उलटी फिरवतोय. आधी ‘पण’, मग मूळ मुद्दा. कुठूनही कापलं तरी आपण सापडू नये! वाचून पाहिलं, सरकारी खुलाशासारखं वाटलं. फाडलं.

जुनं ते सोनं म्हणत बसलो असतो, पण त्याच तुकड्याखाली बीडकडच्या एका मुलीनं लिहिलंय: “पाण्यावर सगळे बोलतात. कोयत्यावर कोण बोलणार?” तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे कोयताच म्हणतात. पाऊण तासात मी त्यांचं नावही काढलं नव्हतं आणि साठांपैकी एकानंही विचारलं नव्हतं.

तिला उत्तर लिहितोय. तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा चाळीस हजारांना उद्देशून झालं. आता चौथ्यांदा.