आरशाकडे पाठ करून

रविवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये. साबण लावून लावून हात दुखले तरी स्टेजसाठी अंगाला फासलेला टॅनचा रंग निघालेला नाही, उशीवर चॉकलेटी डाग पडलेत. आईने संध्याकाळीच जुनी चादर काढून अंथरली होती, तिला आता सगळं माहीत झालंय. आज बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत ६० किलो गटात चौथा आलो. खूप खूप आनंद झालाय, आणि तो नंबराचा कमी आणि दुसऱ्याच गोष्टीचा जास्त आहे, ती आत्ताच लिहून ठेवतो नाहीतर उद्या पतपेढीत काउंटरला बसलो की राहून जाईल.

व्यायामशाळेत मला शिकवणाऱ्या दादाने या सीझनला मला पोझिंगच्या वेळी आरशाकडे पाठ करून उभं केलं. बॉडी बनवली की झालं असं लोकांना वाटतं, पण स्टेजवर ती दाखवता यायला लागते. कंपल्सरी पोझ सात, फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, मग पाठमोरं होऊन बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, मग साइड ट्रायसेप्स आणि शेवटी अ‍ॅब्ज-थाय. जज कंपॅरिझनला शेजारी शेजारी उभं करतात आणि पोझ होल्ड करायला लावतात, मांड्या लटलट कापायला लागतात तरी चेहरा शांत ठेवायचा. आणि तिथे समोर आरसा नसतो, लोक असतात.

माझी डावी लॅट, म्हणजे काखेखालचा पाठीचा रुंद स्नायू, उघडतच नव्हती. दादा मागे उभा राहून बरगडी संपते तिथे बोट टेकवायचा आणि म्हणायचा, "माझं बोट बाहेर ढकल." बस, एवढंच. कितीतरी संध्याकाळी नुसतं तेच केलं, खांदे वर यायचे, श्वास अडकायचा, आणि मग एकदा ते बोट खरंच ढकललं गेलं. माझीच पाठ, जन्मापासून माझ्याजवळ असलेली, आणि ती मला पहिल्यांदा आतून कळली. हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील पण मला त्या दिवशी रडू आलं होतं.

लहानपणापासून कमी उंचीमुळे मी कायम मागच्या रांगेत लपायचो (खरं तर बुटक्यांना पुढे उभं करतात, मीच मागे जायचो). आमच्या व्यायामशाळेत मारुतीरायाच्या शेजारी मनोहर ऐच यांचा फोटो आहे. उंची ४ फूट ११ इंच, इंग्रजांच्या काळात तुरुंगात गेले तर तिथेही व्यायाम सोडला नाही, आणि १९५२ ला मिस्टर युनिव्हर्स. वयाची शंभरी पार करून गेले. तयारीला लागल्यापासून मी रोज त्या फोटोच्या पाया पडतो.

स्पर्धेआधीच्या शेवटच्या आठवड्याबद्दल पण लिहायला हवं कारण नवीन पोरं मला विचारतात. पाणी पिणं तोडू नका. आमच्या दादाने पाणी बंद करू दिलं नाही, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या तर लांबच. कार्ब लोडिंगला, म्हणजे स्नायू भरायला, भात आणि रताळी खाल्ली, १ ग्रॅम ग्लायकोजन (स्नायूत साठणारी साखर) स्वतःबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी स्नायूत धरून ठेवतं, म्हणजे स्नायू भरायचा तर पाणी लागणारच ना. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा एवढा मोठा प्रो बॉडीबिल्डर, हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांतच गेला, अंगातलं पाणी काढून टाकण्यापायी. कुठलाही किताब एवढा मोठा नाही. मला हे सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

आज बॅकस्टेजला तर काय गर्दी, ताडपत्रीच्या आत सगळे एकमेकांना टॅन फासतायत, कुणी रबर बँड ओढतोय, कुणी चिक्की खातोय. स्वतःच्या पाठीला हात पोचत नाही, आणि दादा तेव्हा बाहेर वजनाच्या टेबलाशी होता, तर माझ्याच गटातल्या एका मुलाने न विचारता स्पंज घेतला आणि माझी अख्खी पाठ नीट रंगवली, मानेखालचा राहिलेला पट्टा सुद्धा परत येऊन भरला. मी त्याची रंगवली. तो पहिला आला. बॅक लॅट स्प्रेडला आम्ही दोघं शेजारी होतो, समोर काळा पडदा, मागे अख्खं मैदान शिट्ट्या मारतंय, आणि मला दादाचं बोट तिथे नसताना तिथे जाणवत होतं. लपावंसं वाटलं नाही. एक क्षणभर पण नाही.

तसं हे आधीच सुरू झालं होतं. पतपेढीच्या वार्षिक सभेत थकबाकीवरून सभासद चिडलेले, मॅनेजर साहेबांनी ऐनवेळी कागद माझ्या हातात दिला, आणि मी पाय रोवून उभा राहिलो, श्वास सोडला, सावकाश वाचलं, प्रश्न आले त्यांना उत्तरं दिली. पूर्वीचा मी टॉयलेटला जाऊन बसलो असतो.

निकालानंतर एका जज सरांना जाऊन विचारलं काय कमी पडलं. पाठ आणि पोझिंग चांगलं आहे म्हणाले, मांड्यांत कट्स (स्नायूंच्या ठळक रेषा) नाहीत, हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, तर दिसतच नाही. बरोबर आहे त्यांचं. दादाशी बोलणं झालंय, उद्या आराम, आईच्या हातचं वरणभात तूप, आणि मंगळवारपासून आधी पाय.