गच्चीवरून नाईल

इजिप्तमध्ये लक्सरहून आस्वानला रेल्वेने तीन-साडेतीन तासांत जाता येतं. नाईल नदीतून जाणाऱ्या क्रूझ बोटीला त्याच अंतराला काही दिवस लागतात. ती वाटेतल्या देवळांपाशी थांबते, रात्री धक्क्याला लागते आणि सकाळी सावकाश पुढे निघते. आईला बरोबर न्यायचं ठरलं तेव्हा मी मुद्दाम बोट निवडली. निघायच्या आधी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत जो तो विचारत होता, "किती ठिकाणं दाखवतात?" ठिकाणं भरपूर दाखवतात. पण या प्रवासात मला सगळ्यात जास्त मिळालं ते दोन ठिकाणांच्या मधल्या वेळात, बोटीच्या गच्चीवर.

बोट धक्का सोडते ते खाली केबिनमध्ये कळतही नाही. वर आलं की काठ सरकताना दिसतो. नाईलकाठचं हिरवं किती अरुंद आहे, हे नकाशावरून लक्षात येत नाही. पाण्याला लागून लव्हाळं, मग ऊस, केळी, खजूर आणि त्यामागे लगेच उघडा, पिवळा डोंगर. काही ठिकाणी शेत संपून वाळू सुरू होते ती रेघ बसल्या जागेवरून स्पष्ट दिसते. सगळा देश या पट्ट्यावर जगत आलाय, हे पुस्तकात वाचलेलं तिथे डोळ्यांना पटतं.

नवऱ्याचं गाव दौंडजवळ, त्यामुळे ऊस दिसला की त्याचा चेहरा खुलायचा. दक्षिण इजिप्तमध्ये ऊस हे मोठं पीक आहे, कोम ओम्बोला साखर कारखानाही आहे. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा तोड चालू होती. गाढवांच्या पाठीवर हिरव्या चाऱ्याचे भारे जाताना दिसले आणि तो म्हणाला, "अगं, हा तर बरसीम!" खरंच होतं ते. बरसीम मूळचं इजिप्तचं, तिथूनच आपल्याकडे आलं. त्यानंतर तो दुपारभर कठड्याला टेकून शेतं बघत उभा होता. मी पाण्याकडे बघत होते. एक काळा-पांढरा खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबायचा, मान खाली, आणि धोंड्यासारखा सरळ पाण्यात पडायचा. प्रत्येक वेळी मासा मिळायचाच असं नाही. मिळाला की काठावरच्या दगडावर नेऊन तो आपटायचा आणि मग गिळायचा. हा पक्षी आपल्या खडकवासल्यालाही दिसतो, पण इतका वेळ त्याच्याकडे बघायला तिथे मी कधी थांबले नव्हते.

एस्नाला नदीवर बंधारा आहे आणि बोटींना पलीकडे जायला लॉक आहे, म्हणजे पाणी आत घेऊन बोट वर उचलणारा दोन दरवाजांमधला हौद. बोटी रांगेत थांबतात. तेवढ्यात छोट्या होड्यांमधून विक्रेते येऊन खालून हाका मारायला लागतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले झगे, टेबलक्लॉथ थेट आमच्या गच्चीवर भिरकावतात. पसंत पडलं तर पैसे पिशवीत घालून खाली टाकायचे, नाहीतर कापड परत. आईने मराठीतून घासाघीस करून निळा टेबलक्लॉथ घेतला. मग आमची पाळी आली. बोट दोन भिंतींच्या मध्ये शिरली, मागचा दरवाजा बंद झाला आणि वरच्या बाजूचं पाणी आत येऊ लागलं. पंप वगैरे काही नाही, पाणी आपल्या उतारानेच येतं. हाताच्या अंतरावर असलेली ओली, शेवाळलेली भिंत हळूहळू खाली जाताना दिसते, म्हणजे आपण वर चढत असतो. पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतो. सगळे प्रवासी गच्चीवर जमले होते आणि पुढचा दरवाजा उघडल्यावर टाळ्या पडल्या.

एडफूचं होरसचं देऊळ भव्य आहे, बघावंच. पण मला लिहायचंय कोम ओम्बोबद्दल. हे देऊळ अगदी नदीच्या वळणावर आहे, बोटीतून उतरलं की चढून पाच मिनिटांत आवारात. एका बाजूला मगरीचं तोंड असलेला सोबेक, दुसऱ्या बाजूला होरस, दोघांना वेगवेगळे गाभारे. आवारात एक खोल, गोल विहीर आहे, आत उतरायला पायऱ्या. ती नदीला जोडलेली होती आणि तिच्यातल्या पाण्यावरून पुराची उंची मोजत. इथे पाऊस जवळजवळ पडत नाही. इथिओपियाच्या डोंगरातल्या पावसाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाईलला पूर यायचा आणि त्याच्या उंचीवरून त्या वर्षीचं पीक आणि शेतसारा यांचा अंदाज बांधला जायचा.

आई विहिरीच्या कठड्याशी बराच वेळ वाकून उभी होती. तिचं लहानपण नारायण पेठेत, ओंकारेश्वराजवळच्या वाड्यात गेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. गाइडने सांगितलं की आस्वानचं उंच धरण १९७० मध्ये पूर्ण झालं आणि आता इथे पूर येत नाही, गाळ वर धरणामागच्या नासर सरोवरातच राहतो, शेतकऱ्यांना आता खतं घालावी लागतात. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "आमच्या वाड्यातला गाळ उपसता उपसता माझ्या आजीचे हात सोलवटले होते गं. आणि इथे लोक गाळाची वाट बघायचे!" त्या रात्री जेवण झाल्यावर ती गच्चीवर शाल घेऊन बसली आणि पानशेतची सगळी हकिकत तिने आम्हाला पहिल्यांदाच सलग सांगितली. कोणाच्या घरी राहिले, कोणती भांडी सापडली, कोणती नाही. पुण्यात घरी असते तर मध्येच कुकरची शिट्टी झाली असती किंवा कोणीतरी बेल वाजवली असती.

जेवणाची काळजी शाकाहाऱ्यांनी करू नये. सकाळी फूल म्हणजे शिजवलेल्या वालासारख्या बिया, ताज्या रोट्या, चीज, आणि गरम तामेया, म्हणजे अशाच बिया वाटून तळलेले वडे. दुपारच्या चहाबरोबर अंबाडीच्या बोंडांचं लाल, आंबटगोड पेय, करकदेही मिळतं.

आस्वानजवळ काठ बदलतो. पाण्यातून ग्रॅनाइटचे काळे, गुळगुळीत खडक वर येतात. पुढे नदीचा पहिला खळाळ, म्हणजे खडकांमधून धावणारा उथळ प्रवाह आहे, म्हणून मोठ्या बोटी इथेच थांबतात. शिडाच्या फेलुक्का होडीतून एलिफंटाइन बेटाला फेरी मारली. वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून, प्रवाह दक्षिणेकडून. त्यामुळे शीड उभारून वरच्या दिशेला जायचं आणि प्रवाहाबरोबर परतायचं, ही सोय इथे हजारो वर्षं आहे.

ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर बुकिंगच्या वेळी दोन गोष्टी विचाराच. बोटीला लिफ्ट आहे का, कारण गच्ची तीन-चार मजले वर असते. आणि केबिन नदीच्या पातळीच्या मजल्यावर नको म्हणून सांगा. धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आपल्या बोटीत शिरायला दुसऱ्या दोन-तीन बोटींच्या लॉबीतून जावं लागतं, तेव्हा आईचा हात धरायला कोणीतरी हवं. हिवाळ्यात सकाळी गच्चीवर चांगलीच थंडी असते, स्वेटर वरच्या बॅगेत ठेवा. आणि शक्य असेल तर लक्सरहून आस्वानला जाणारी फेरी घ्या. उलट दिशेची बहुधा एका रात्रीने लहान असते, आणि तो एक दिवस गच्चीवर बसायला हवा.